दुखत नाही म्हणून आजार नाही?

आम्ही डॉक्टर नाही. बँकेच्या काउंटरवर बसून वीस-बावीस वर्षे पावत्या आणि सह्या तपासणारे लिपिक. तरीही स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषय घेतला, त्याचे कारण आमची मावशी. पाळी कायमची बंद होऊन सहा वर्षे झाल्यावर तिच्या पुन्हा अंगावरून जाऊ लागले. दुखत काही नव्हते, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. पुढे एका दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, तपासणी झाली नाही. कंबर धरली, पाय सुजला, तेव्हा बार्शीला नेले. तोवर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ओटीपोटात पसरलेला होता. ती गेली आणि घरातल्यांनी नशिबाला बोल लावला. आम्ही मात्र भेटेल त्या डॉक्टरांना विचारत राहिलो की, हे आधी कसे कळले असते? जे समजले ते येथे मांडतो.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. त्याला एच.पी.व्ही. म्हणतात. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्वत्र आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. येथे बाईच्या वागणुकीवर बोट ठेवण्याचे काहीच कारण नाही. एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि गर्भाशयाच्या मुखावरील पेशी हळूहळू बिघडू लागतात. त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढी वर्षे काही दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टरांना रोग पकडायचा असतो तो याच मुदतीत.

तो पकडतात कसा? डॉक्टर प्रथम विचारतात : दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाते का? दुर्गंधी असलेले पाणी जाते का? नंतर एका उपकरणाने योनिमार्ग उघडून गर्भाशयाचे मुख प्रत्यक्ष पाहतात. त्यावर पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. दुसरी पॅप तपासणी : पेशी खरवडून काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. तिसरी एच.पी.व्ही. तपासणी, तिच्यात विषाणूच शोधतात. यांपैकी एखादीत दोष निघाला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. चेकवरची सही जरा वेगळी वाटली की आम्ही चेक खोटा ठरवत नाही, नमुना सही काढून ताडून पाहतो. तसे डॉक्टर कॉल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून तो भाग मोठा करून पाहतात आणि संशय असेल तेथला छोटा तुकडा तपासणीला पाठवतात. तुकड्याचा अहवाल आल्याशिवाय कर्करोगाचे निदान पक्के होत नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट. ज्या बार्शीला आपल्या कुर्डुवाडीहून १८९७ साली छोटी रेल्वे सुरू झाली, त्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तेथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. कार्यकर्ते बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतील गावोगाव जाऊन नोंदी करू लागले. मग १९९९ साली डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची गावांनुसार चार गटांत विभागणी केली. तीन गटांत वर सांगितलेल्या तपासण्यांपैकी एकेक तपासणी, तीही एकदाच. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चौथ्या गटातील ६४ बायका या रोगाने गेल्या, एच.पी.व्ही. तपासणीच्या गटातील ३४. दोन्ही गट तीस हजारांच्या पुढचे. आयुष्यातील एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले आणि जगभर त्यांचा आधार घेतला गेला. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवले यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. आम्हालाही ते खटकले. त्या ६४ जणी आपल्याच शेजारच्या शिवारातल्या होत्या.

उपचार रोगाच्या पायरीवर अवलंबून असतो. कर्करोग होण्याआधीचा बिघाड असेल तर तो भाग अतिथंड वायूने गोठवतात किंवा विजेच्या तारेने काढून टाकतात. गर्भाशय शाबूत राहते. कर्करोग झाला पण लहान आहे, तर शस्त्रक्रिया. त्यापुढे गेला तर पाच-सहा आठवडे बाहेरून किरणोपचार, सोबत आठवड्याला औषधाची सलाईन आणि शेवटी आतून किरणोपचार. यातूनही पुष्कळजणी बऱ्या होतात. मात्र किरणोपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणे फार महागात पडते. मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती तयार केली आहे. ९ ते १४ वयात ती द्यावी. पण लस घेतली म्हणून पुढची तपासणी चुकवू नये.

सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या बायकांनी दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी करून घ्यावी असे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

मावशी गेल्यावर आमच्या सौ. आणि वहिनी तपासणीला गेल्या. वहिनी आधी तयारच नव्हत्या, "मला काय झालंय? उगाच कशाला लाजायचं?" हेच पालुपद. सौ. निर्दोष निघाल्या. वहिनींच्या तुकड्याच्या अहवालात बिघाड आला, कर्करोग नव्हे. गोठवण्याचा उपचार झाला तेव्हा भूल द्यावी लागली नाही. तीन-चार आठवडे पाणी जाईल, तोवर संबंध टाळा आणि वर्षाने पुन्हा दाखवा, एवढे सांगून डॉक्टरांनी घरी पाठवले. वहिनी त्याच दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने कुर्डुवाडीला परतल्या.