आडच्या टाक्याकाठी कुत्र्याचं नख

पट्टा किल्ल्याच्या पायथ्याशी त्या रविवारी मिनीबसची रांग आणि ब्लूटूथ स्पीकरवर गाणी. आम्ही गाडी आड किल्ल्याकडे वळवली, आणि बरंच झालं. (सिन्नर, डुबेरे, ठाणगाव, आडवाडी, पुढची वाट मळलेली आहे. डुबेरे हे थोरल्या बाजीरावांचं जन्मगाव. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराज पट्ट्यावर विसावले, म्हणून तो विश्रामगड. इतिहास एवढा पुरे.)

माथ्यावर पाण्याची टाकी पुष्कळ. एका टाक्याकाठच्या चिखलात ठसे होते: चार बोटं, मागे रुंद गादी, नखांची खूण नाही. कुत्रा, लांडगा, तरस यांची नखं उमटतात. बिबट्या ती आत ओढून चालतो. थोडं पुढे वाटेवरच विष्ठा, वाळून पांढरट पडलेली. शेरडं चारायला आलेल्या मामांनी ती काडीने फोडली. आत आखूड तांबूस केस आणि एक बोथट नख.

"कुत्र्याचं हाये," मामा म्हणाले. "वस्तीवरची कुत्री कमी व्हाया लागली की आमी शेरडं लवकर कोंडतो."

डोंगरापलीकडे अकोले तालुक्याच्या शिवारात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हाही हेच निघालं. खाल्लेल्या भक्ष्यात वजनाने ८७ टक्के पाळीव आणि गावातले प्राणी, त्यात एकटी कुत्री ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्के.

ठसा दिसला की 'जंगल परत आलं' असं स्टेटस टाकणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. भोजापूर धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, बिबट्याला आडोसा मिळाला. उकिरड्यांवर कुत्री पोसली गेली, जेवण मिळालं. तो ठसा जंगलाची नव्हे, बदललेल्या शिवाराची खबर देतो. पायथ्याशी बिर्याणीचं खरकटं टाकून येणारे आपणही ती कुत्री पोसतोच. वर जयघोष आणि खाली कचरा, अशांना मी तरी ट्रेकर म्हणत नाही.

कड्यांकडेही बघा. गिधाडांच्या घरट्यांखाली विष्ठेचे चुन्यासारखे पांढरे ओघळ असतात. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांतून पोटात जाऊन गिधाडं संपत आली. २००६ मध्ये त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. ओघळ दर हिवाळ्यात ताजे दिसत असतील तर घरटं नांदतं आहे. मात्र ससाण्यांच्या जागेखालीही असे ओघळ असतात, तेव्हा पक्षी पाहिल्याशिवाय नाव देऊ नका. आणि कड्याजवळ ड्रोन उडवायचा नाही, विणीचा हंगाम हिवाळ्यातच सुरू होतो.

एका फेरीत काहीच ठरत नाही. तीच वाट, तोच महिना, दर वर्षी. ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या; तारीख, जागा, टाक्यात पाणी किती, सगळं टिपा. काही दिसलं नाही तर तेही लिहा, बहुतेकांच्या वहीत नेमकं तेच नसतं. विष्ठेला हात लावू नका. घरट्याची किंवा बिबट्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका, पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरते.

ऊसतोडीच्या दिवसांत उसात पिल्लं दिसली तर उचलू नका, सेल्फी तर नकोच. वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. त्यांची माणसं पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा रात्रीतून मादी ती घेऊन जाते.