संगणक अभियांत्रिकी : वळसंगच्या विद्यार्थ्यांपुढील वाट

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव. दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्यातील इतर गावांप्रमाणे येथील पालकांपुढेही प्रश्न उभा राहतो : मुलाला वा मुलीला संगणक अभियांत्रिकीला घालावे काय? शिक्षणाचा खर्च आणि पुढे नोकरीची शक्यता यांचा हिशेब प्रवेशापूर्वीच मांडणे हिताचे ठरते.

विषयाचे स्वरूप

संगणक चालविणे आणि संगणक अभियांत्रिकी या भिन्न गोष्टी होत. टंकलेखन, हिशेबपत्रके ही कामे काही महिन्यांच्या प्रशिक्षणाने साधतात. अभियंत्याला मात्र एखाद्या कामाची लहान लहान पायऱ्यांत फोड करून ती यंत्राला समजेल अशा आज्ञांत मांडावी लागते. सोलापूरकरांना ही कल्पना परकी नाही. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर उमटते. पुठ्ठ्यावर छिद्र असेल तेथील धागा उचलला जातो, नसेल तेथील खाली राहतो. फ्रान्सच्या जोसेफ जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तीवरूनच चार्ल्स बॅबेज यांनी गणनयंत्रास छिद्रित पत्रांद्वारे आज्ञा देण्याची योजना आखली. आजचा संगणकही अखेर एक आणि शून्य यांवरच चालतो. म्हणूनच गणित आणि तर्कशुद्ध विचार हा या विद्येचा पाया होय.

प्रवेशाचे मार्ग

दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविता येतो. बारावी विज्ञान शाखेनंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे चार वर्षांची पदवी करता येते. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन असून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून कार्यरत आहे. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. केवळ शुल्कापायी मुलीचे शिक्षण थांबविण्यापूर्वी या सवलतीची चौकशी अवश्य करावी.

संधी आणि मर्यादा

अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने १९९१ मध्ये 'परम' महासंगणक सिद्ध केला. खेड्यातील जन्म या क्षेत्रात आड येत नाही, याचे हे उदाहरण. तथापि, पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. बहुतेक रोजगार पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथे एकवटला आहे. साचेबंद आज्ञावली आता कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहू लागल्याने केवळ पाठांतरावर उत्तीर्ण होणाऱ्याचा निभाव लागणे कठीण. बँका, रुग्णालये, कारखाने, शेती यांतील अडचण नेमकी ओळखून तिच्यावर उपाय रचणाऱ्यास मात्र वाव आहे.

तेव्हा शेजारच्या मुलाने घेतला म्हणून हा विषय घेऊ नये. गणिताची गोडी आणि चुकलेले उदाहरण पुन्हा सोडविण्याची चिकाटी असेल, तर वळसंगच्या विद्यार्थ्याने ही वाट निःशंकपणे धरावी.