चावी घरात, गाडी रस्त्यावर

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीत जागा नाही, म्हणून नवी, बटणावर सुरू होणारी गाडी रात्री रस्त्यावर असते. इमोबिलायझर असताना वेगळं लॉक कशाला?

उत्तर : लावाच. इमोबिलायझर ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही, हे खरं. पण चावी दाराजवळच्या खुंटीवर असेल, तर चोर तिचा सिग्नल यंत्राने गाडीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटतं, मालक आला. दुसरी वाट स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टची. गॅरेजवाला जिथे स्कॅनर लावतो, तिथूनच काही गाड्यांत नवी चावी नोंदवता येते. म्हणून चावी सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा आणि स्टिअरिंगला किंवा गिअरला जाडजूड लोखंडी लॉक घाला. दिसायला गावठी, पण चोराला सगळ्यात नकोसा असतो तो वेळखाऊपणा. जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, शोधायला मदत करतो. तोही लपवून बसवा.

कागदपत्रांकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक हरवली असेल तर आजच कळवून ठेवा. गाडी गेलीच, तर लगेच एफआयआर नोंदवा आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. तपास लागला नाही, तर पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल लागतो. आरसी पुस्तक डॅशबोर्डच्या खणात ठेवायची सवय असेल, तर ते आधी घरात आणा.