बेवारस आणि दत्तक

‘बेवारस’ आणि ‘दत्तक’ हे दोन्ही शब्द मुळात वारसाहक्काच्या व्यवहारातले. रस्त्यावरच्या कुत्र्याला पहिला शब्द आपण सहज लावतो. दुसरा लावताना मात्र त्याचा पुरता अर्थ ध्यानी घेत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही. कुत्र्याला असे कोणतेही संरक्षण नाही. यास्तव तो शब्द उच्चारणाऱ्याने त्याचा भार स्वतःच उचलला पाहिजे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जयपूरच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

जयपूरला ‘हेल्प इन सफरिंग’ ही संस्था १९८० साली क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी स्थापन केली. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पूर्वी दिल्लीच्या रस्त्यावर मरणोन्मुख पडलेला एक घोडा त्यांच्या दृष्टीस पडला व त्या या देशातच राहिल्या. दिल्लीनंतर जयपूर, आणि जयपूरनंतर बंगळूर. तेथेही १९९१ साली त्यांनी प्राण्यांसाठी संस्था उभी केली. १९९६ साली त्या निवर्तल्या. जयपूरचे काम पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्रिस्टीन टाउनेंड यांनी दीर्घकाळ सांभाळले.

या संस्थेच्या कामातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की रस्त्यावरून आणलेली बहुतेक कुत्री तिने परत रस्त्यावरच सोडली! हे वाचून दयाळू वाचकाला धक्का बसेल. परंतु शहराच्या पश्चिमेकडील वैशाली नगरसारखी एखादी वसाहत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक गल्लीची चार-दोन कुत्री ठरलेली असतात. कोणत्या दारी सकाळी पोळी मिळते, कोणता रखवालदार हाकलतो, हे त्यांना पाठ असते. परकी कुत्री ती आत येऊ देत नाहीत. त्यांना कायमचे उचलून नेले, तर रिकाम्या जागी शेजारच्या भागातून लस न टोचलेली नवी कुत्री येऊन वसतात. याउलट त्यांचीच नसबंदी करून, रेबीजची लस टोचून आणि ओळखीसाठी कानाला खाच पाडून त्यांना परत आणले, तर जागा भरलेली राहते व पिल्लावळ थांबते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात संस्थेने २४,९८६ कुत्र्यांवर हे उपचार केले. डॉ. रीस व डॉ. चावला यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कार्यक्षेत्रातील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि तेथील माणसांना होणारा रेबीज शून्यावर आला. कार्यक्षेत्राबाहेर मात्र रुग्ण वाढले होते.

मग दत्तक कोणाला घ्यावे? ज्याला परत जाण्यासाठी गल्लीच उरली नाही, त्याला. आई गाडीखाली सापडल्यामुळे पोरकी झालेली पिल्ले, पाय कापावा लागलेली वा दृष्टी गेलेली कुत्री, आणि हौसेने विकत घेऊन नंतर रस्त्यावर टाकून दिलेली जातिवंत कुत्री. ही शेवटची तर सर्वांत दीन. गल्लीतील टोळी त्यांना स्वीकारत नाही आणि उकिरड्यावर पोट भरण्याची विद्या त्यांना कोणी शिकवलेली नसते. स्वतःच्या गल्लीत सुखाने नांदणारे पोक्त कुत्रे तिसऱ्या मजल्यावर नेऊन बांधणे, यात दयेपेक्षा हौसच अधिक, असे माझे मत आहे.

घरी आणलेले कुत्रे पहिले काही दिवस बहुधा कोपरा धरून बसते. खात नाही, हाकेला येत नाही. अशा वेळी आल्यागेल्याकडून त्याला कुरवाळून घेऊ नये. निजण्याची जागा, जेवणाची वेळ आणि फिरण्याची वाट रोज तीच ठेवावी. तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस, त्याआधीच डिस्टेंपर व पार्व्होच्या लसी, आणि पुढे नसबंदी, या गोष्टी टाळता येण्यासारख्या नाहीत. घर पूर्णपणे अंगवळणी पडण्यास कित्येकदा तीन-चार महिने लागतात. नेमक्या याच काळात ‘आमच्याशी जमले नाही’ म्हणून कुत्री परत केली जातात.

अशा कुत्र्याचा उपयोग काय, असे विचारणारेही भेटतात. उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरच्या एका पिल्लाला शिकवून आपल्या श्वानपथकात घेतले. ‘ठेंगा’ नावाचे हे कुत्रे २०१९ साली गाजले. उलट मॉस्कोच्या रस्त्यावरच्या लायकाला ३ नोव्हेंबर १९५७ रोजी अवकाशात धाडले गेले. परतीची सोयच नव्हती. काही तासांतच ती मेली. काम मिळाले, घर मिळाले नाही. लूककृत शुभवर्तमानात लाजराच्या फोडांपाशी येतात ती कुत्रीही रस्त्यावरचीच, आणि त्या श्रीमंताच्या दारी त्याच्याजवळ आलेली दुसरी कोणी दिसत नाहीत. ठेंगाइतके कर्तृत्व प्रत्येक कुत्र्याला साधणार नाही. संध्याकाळी एकट्या वृद्धाला घराबाहेर काढणे, दारात अनोळखी पाऊल वाजताच जागे होणे, एवढे काम बहुतेकांना पुरते.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात दत्तकाचा स्वतंत्र उल्लेख आहे. इच्छुकाने नगरपालिकेकडे अर्ज करावा, त्या कुत्र्याला ओळखपट्टी बांधून ते अर्जदाराच्या स्वाधीन करावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे त्यात म्हटले आहे. गावठी कुत्रे नीट सांभाळले तर बारा-पंधरा वर्षे सहज जगते. तेवढ्या काळात बदली होते, घरात लहान मूल येते, कोणी आजारी पडते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांना एकत्र बसवावे, आणि आपण नसताना कुत्रे कोणाकडे राहील, त्या माणसालाही आधीच विचारून ठेवावे.