उसवलेली लोकर वाया जात नाही



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

अर्जुनाचा प्रश्न अगदी आपला आहे. श्रद्धा आहे, पण मन ढळलं आणि साधना मध्येच सुटली, तर त्या माणसाचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का?

गेल्या आठवड्यात एका मित्राने मला हेच विचारलं. तो रोज कर्जतहून लोकलने मुंबईला जातो. त्या दोन तासांत नामजप करायचा, ॲपवर मोजायचा. २१२ दिवस झाले. मग वडिलांचं आजारपण, हॉस्पिटलच्या फेऱ्या, आणि जप सुटला. वडील गेले. नंतर ॲप उघडलं तर आकडा शून्य. म्हणाला, "जेव्हा देवाची सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हाच नाव घेतलं गेलं नाही. आता कुठल्या तोंडाने सुरू करू?"

आपल्याकडे 'अखंड' या शब्दाला मोठा मान. खालापूर तालुक्यात महडच्या वरदविनायकाचा नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात. तिथे हात आपोआप जोडले जातात. पण आपली साधना तशी नसली की वाटतं, संपलं सगळं.

मी त्याला खोपोलीच्या मावशीची गोष्ट सांगितली. काका गेल्यावर त्यांचा स्वेटर दोन वर्षं कपाटात होता. मग नातीसाठी तिने तो उसवायला घेतला. आधी शिवण सोडवली, मग शेवटच्या टाक्यापासून धागा ओढला. सुटलेली लोकर सरळ नसते. प्रत्येक टाक्याचा वाक धरून बसलेली असते. म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगायची. वाळली की वाक बराचसा जातो. कोपराजवळची झिजलेली लोकर टाकावी लागली, दोन-तीन जोड आले. पण नातीचं झबलं आणि टोपडं झालं.

"उसवताना वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना! पण अरे, उसवला तो स्वेटर. लोकर तीच आहे."

श्रीकृष्णाचं उत्तर याच जातीचं आहे. तो अर्जुनाला 'तात' म्हणतो, लेकराला म्हणावं तसं, आणि सांगतो की भलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. असा साधक चांगल्या घरात जन्मतो, आधीची बुद्धी त्याला परत मिळते, आणि पूर्वीचा अभ्यासच त्याला पुढे ओढून नेतो. हे श्लोक पुढच्या जन्माबद्दल आहेत, हे खरं. पण जो अभ्यास मरणानेही पुसला जात नाही, तो चार महिन्यांच्या खंडाने कसा पुसला जाईल? दुसऱ्या अध्यायातल्या ४० व्या श्लोकातही हेच आश्वासन आहे: या मार्गावर केलेली सुरुवात वाया जात नाही.

शून्य झाला तो ॲपमधला आकडा. २१२ दिवसांचं नाम मित्राच्या जिभेवर आहेच. मात्र दुःखाचा वाक एका दिवसात जात नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ११ माळांचा हट्ट नको. भिजायला, वाळायला वेळ द्या.

आज करून पाहा: सुटलेली एक साधना आठवा. काउंटर न लावता फक्त पाच मिनिटं करा.

मित्राने परवा एक माळ केली. एकच.

उद्या श्लोक ४६ आणि ४७, म्हणजे सहावा अध्याय पूर्ण.

राम कृष्ण हरी!