पोलिश शिकायचंय ना? मग मराठीतून शीक

अगं चिऊ, लुब्लिनला मेडिकलला जायचं पक्कं झालं, आता पोलिशचं पुस्तक उघडशील, त्याआधी माझं थोडं ऐक. तुझे वर्ग इंग्रजीतून होतील, पुस्तकही बहुधा इंग्रजीतून पोलिश शिकवणारंच हाती येईल. त्यात इंग्रजीतल्या एका 'नो'पुढे (know) तीन-तीन क्रियापदं मांडलेली दिसतील आणि तिथेच छातीत धस्स होईल. घाबरू नकोस. ही तिन्ही तू लहानपणापासून वेगवेगळी बोलतेस.

बघ हं. 'दवाखाना बंद आहे हे मला माहीत आहे' याला पोलिशमध्ये 'व्येम'. मूळ क्रियापद व्येज्येच. 'मी त्या डॉक्टरांना ओळखते' याला 'झ्नाम', मूळ झ्नाच. आणि 'मला पोहता येतं' याला 'उम्येम', मूळ उम्येच. मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवलंस तर दरवेळी तीन दारांपुढे थबकशील. मराठीत जुळवलंस तर माहीत असणं, ओळखणं आणि येणं आपोआप वेगळी होतील. व्येज्येच आणि आपले विद्या, वेद एकाच प्राचीन धातूचे. झ्नाच आणि आपलं जाणणं, ज्ञान हेही तसेच. मला याचं फार अप्रूप वाटतं, म्हणून सांगितलं.

दोन ठिकाणी मात्र मराठीवर विसंबू नकोस. आपण म्हणतो, 'मला पोलिश येतं.' ते भाषेलाही ओळखीचं क्रियापद लावतात, झ्नाम. आपण म्हणतो, 'ती कविता मला माहीत आहे.' ते तिथेही झ्नामच म्हणतात. बहुतेक वेळा एवढं धरून चाल: पुढे 'की'चं वाक्य येत असेल तर व्येम, पुढे नुसतं नाम असेल तर झ्नाम, पुढे एखादी कृती असेल तर उम्येम.

नामांमध्येही हीच त्रयी चालते. साठवलेलं ज्ञान म्हणजे व्येद्झा, हाताला असलेलं कौशल्य म्हणजे उम्येयेंत्नोश्च, आणि झ्नायोमोश्च म्हणजे परिचय. नोकरीच्या अर्जात भाषांचं ज्ञान लिहितात ते झ्नायोमोश्च या शब्दाने. त्याचंच अनेकवचन झ्नायोमोश्ची कानावर आलं की संदर्भ बघ. 'त्याच्या वरपर्यंत ओळखी आहेत' असं आपण ज्या सुरात म्हणतो, अगदी त्याच सुरात तेही म्हणतात.

'नाऊका' या शब्दापाशी जरा थांब. पुस्तक त्यापुढे 'सायन्स' असं लिहून मोकळं होईल. वॉर्सात 1955 साली उभा राहिलेला तो उंच संस्कृती आणि विज्ञान प्रासाद, 2010 साली उघडलेलं कोपर्निकसच्या नावाचं विज्ञान केंद्र, दोन्ही नावांत हा शब्द आहे. पण नाऊका म्हणजे शिकणंही, आणि इतिहास, भाषा, साहित्य यांचा अभ्यासही नाऊकाच. आपण भाषाशास्त्र, नीतिशास्त्र म्हणतो त्यातलं 'शास्त्र' त्याच्या जास्त जवळ जातं. आणि हो, क्राकोवला 1872 साली स्थापन झालेल्या विद्वत्संस्थेच्या नावात उम्येयेंत्नोश्चचं अनेकवचन आहे. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ विद्या असा होता. ते वाचून तिथे सुतारकाम शिकवत असतील असं समजू नकोस.

आता तुझ्या कामाचं सांगते, हे नीट ऐक. पुढे वॉर्डात जाशील तेव्हा समोरचा पेशंट पोलिशच बोलणार. इंग्रजीत 'कॉन्शस' हा एकच शब्द शुद्धीवर असलेल्याला लावतात आणि जाणीव असलेल्यालाही. पोलिशमध्ये तसं चालत नाही. शुद्ध म्हणजे प्शितोम्नोश्च, आणि जाणीव म्हणजे श्फ्यादोमोश्च. आपणही 'शुद्ध हरपली' म्हणतो, 'जाणीव हरपली' असं सहसा म्हणत नाही, तेव्हा इथेही मराठीचंच बोट धर. ऑपरेशनआधी पेशंटकडून घेतात ती संमती 'श्फ्यादोमा झ्गोदा', म्हणजे काय होणार आहे ते समजून, जाणून दिलेली संमती. घाबरलेली एखादी आजी सही करायला बसली असेल, तर तो कागद तिला तिच्या भाषेत समजावता येणं हे तुझं काम आहे. ते दुभाष्यावर टाकू नकोस.

राहिली परीक्षा. 'झ्दावाच' आणि 'झ्दाच' ही दोन क्रियापदं दिसायला जुळी आहेत. पहिलं म्हणजे परीक्षा देणं, दुसरं म्हणजे पास होणं. झ्दावावाम म्हणजे 'मी परीक्षेला बसले होते', झ्दावाम म्हणजे 'मी पास झाले'. मधलं एक अक्षर गळलं की निकालच बदलतो. तिथली क्रियापदं अशी जोडीजोडीने येतात, एक चालू असलेल्या कामाचं, एक पुऱ्या झालेल्या कामाचं. उचिवाम श्ये म्हणजे 'शिकत होते', नाउचिवाम श्ये म्हणजे 'शिकून घेतलं'. म्हणून वहीत क्रियापद कधी एकटं उतरवू नकोस, पहिल्या दिवसापासून जोडीच लिही.

आणि शेवटचा 'वाम' बाईच्या तोंडचा, हेही ध्यानात ठेव. पुरुष त्याच जागी 'वेम' म्हणतो. तू पडलीस कोल्हापूरची, घरी बिनधास्त 'मी आलो, मी गेलो' म्हणतेस, आणि मला ते ऐकायला आवडतंच. पण लुब्लिनच्या वॉर्डात तू 'मी आलो'च्या धर्तीवर बोललीस तर पेशंट गोंधळून तुझ्याकडे बघत राहील. तेवढं एक तिथे गेल्यावर जिभेला वळण लाव.