आभासी यंत्रावरील कंट्रोल पॅनेल : आमच्या पेढीचा अनुभव

संकेश्वरच्या पेठेत धान्याचा घाऊक व्यापार करण्यात आमची हयात गेली. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अशा माणसाने संगणकाच्या विषयावर लेखणी उचलावी, हे काही सभासद बंधूंस धाडसाचे वाटेल. परंतु अलीकडे पुष्कळ पेढ्यांची संकेतस्थळे झाली आहेत, मागण्या ई-मेलने येतात, आणि हा कारभार ज्या यंत्रावर चालतो त्याची माहिती खुद्द मालकास नसते. आमची गतही तीच होती.

मोठ्या वखारीत भिंती घालून चार व्यापाऱ्यांस खण भाड्याने द्यावेत व प्रत्येकाचे कुलूप निराळे असावे, तद्वत् एका बलाढ्य संगणकाचे सॉफ्टवेअरच्या योगाने अनेक भाग पाडतात. असा प्रत्येक भाग म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन. खण आपला म्हणजे त्याची झाडलोटही आपलीच, हे मात्र भाडे ठरविताना कोणी सांगत नाही. या खणात बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली असते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा प्रसिद्ध केला. ती विनामूल्य मिळते. परंतु काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करून तिच्याकडून काम घेणे आमच्यासारख्यांस झेपणारे नव्हे. तेथे कंट्रोल पॅनेल दिवाणजीचे काम करते. संकेतस्थळ उघडणे, टपालपेट्या काढणे, नव्वद दिवसांच्या मुदतीचे सुरक्षा-प्रमाणपत्र वेळेवर बदलणे, ही कामे त्यावर बटण दाबून होतात.

सीपॅनेल हे यातील जुने व सशुल्क नाव, १९९६ पासूनचे. २०१९ साली त्याचे शुल्क खात्यांच्या संख्येवर ठरू लागले. आम्ही हेस्टिया हे विनामूल्य पॅनेल पत्करले. ते डेबियन वा उबुंटू या लिनक्सवर चालते, आणि त्यास प्रणाली अगदी कोरी लागते. आमच्या नातवाने प्रथम घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स घालून त्यात ते चालवून पाहिले. दोन दिवस दुकानातील दुसऱ्या संगणकावरून पॅनेल उघडेना. जोडणी ‘नॅट’ पद्धतीची होती, ती ‘ब्रिज्ड’ करताच उघडले. मग मुंबईतील एक आभासी यंत्र भाड्याने घेतले.

वर्षभर सुरळीत चालले. गतवर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर मागण्या येणे एकाएकी थांबले. मंदी असेल, असे समजून आम्ही स्वस्थ बसलो! तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने दूरध्वनीवरून विचारले, तेव्हा उलगडा झाला. पॅनेल दररोज रात्री सर्व मजकुराची नक्कल काढीत होते आणि ती त्याच डिस्कवर साठवीत होते. डिस्क काठोकाठ भरली. डेटाबेस लिहिणे बंद पडले, टपाल परत फिरू लागले, खुद्द पॅनेलही उघडेना. अखेर काळ्या पडद्यावरून जुन्या नकला पुसून जागा करावी लागली. पाठविणाऱ्यांची यंत्रे बहुधा चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहतात, म्हणून बरीचशी पत्रे पोहोचली. दोन मागण्या मात्र दुसऱ्या पेढीकडे गेल्या. दोष आमचाच. रोजमेळाची नक्कल त्याच तिजोरीत ठेवण्याइतका वेडेपणा आम्ही कागदी वह्यांबाबत कधी केला नसता.

आता फक्त तीन नकला यंत्रावर राहतात व एक रोज दुसऱ्या ठिकाणी जाते. डिस्क ऐंशी टक्के भरताच इशारा येतो, तोही भ्रमणध्वनीवर. कारण बंद पडलेल्या टपालातून इशारा यावयाचा कसा? अद्ययावत करण्यापूर्वी ‘स्नॅपशॉट’ घेतो. तो उलटी वाट मोकळी ठेवण्यापुरता. यजमान यंत्रच गेले तर तोही बहुधा त्यासोबत जातो. शिवाय पॅनेलचे दार, म्हणजे ८०८३ हा पोर्ट, पेढीच्या जोडणीखेरीज इतरांस बंद केला आहे. हेस्टिया ज्यातून निघाले त्या व्हेस्टा पॅनेलातील छिद्रातून एप्रिल २०१८ मध्ये अनेक यंत्रे परक्यांच्या हाती गेली होती.

दर महिन्यास नातू बाहेरची नक्कल घरच्या यंत्रात भरून संकेतस्थळ उघडते का, ते पाहतो. गेल्या खेपेस भावपत्रके सर्व आली, परंतु एक टपालपेटी रिकामी निघाली. तिचा शोध अद्याप चालू आहे.